शिसपेन्सिलीने काढलेले रॉकवाले

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात ‘माझा छंद’ या विषयावर बोलण्याची संधी मंडळाने मला दिली, याबद्दल मी कार्यकारिणीची आभारी आहे. या जागेवरून आजवर आपण लोणच्यांच्या कृती ऐकल्या, बचत गटाचे हिशेब ऐकले, डॉक्टरीणबाईंचे सल्ले ऐकले. आज ऐकायचे आहे ते जरा निराळे आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मुळशी तालुक्यातल्या माझ्या माहेरी शाळाच तेवढी होती. तेव्हा बोलण्यात काही उणे-अधिक झाले तर ते गोड मानून घ्यावे.

माझा छंद म्हणजे शिसपेन्सिलीने माणसांचे चेहरे काढणे. आणि चेहरेही कोणाचे, तर परदेशातल्या रॉक संगीतवाल्यांचे. हे कळल्यापासून आपल्यापैकी पुष्कळजणींनी मला एकच प्रश्न विचारला आहे, “अगं, देवादिकांची चित्रे काढायची सोडून ही केसाळ माणसे कशाला?” त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, आणि जमल्यास तुमच्याही हातात पेन्सिल द्यावी, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम रॉक म्हणजे काय ते सांगते. विजेवर वाजणारी गिटार, ढोलताशासारखा कडाडणारा ड्रम आणि मोकळ्या गळ्याचे गाणे, असा तो थाट. १९५० च्या सुमारास अमेरिकेत हे संगीत आकाराला आले. त्याचे मूळ तिथल्या काळ्या लोकांच्या गाण्यात आहे. काही शेतमजुरीच्या दुःखाचे, तर काही चर्चमधल्या भजनांचे. आणि भगिनींनो, त्या मुळाशी एक बाई उभी आहे. तिचे नाव सिस्टर रोझेटा थार्प. १९१५ साली जन्मली, १९७३ साली वारली. लहानपणापासून आईबरोबर देवाची गाणी गात फिरली आणि मोठेपणी विजेची गिटार अशी वाजवू लागली की पुढच्या नावाजलेल्या पुरुषांनी तिचे ऐकून धडे घेतले. १९६४ च्या मे महिन्यात इंग्लंडात मँचेस्टर गावी एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनच्या फलाटावर तिचे गाणे ठेवले होते. नेमका पाऊस आला. बाई अंगात कोट घालून घोडागाडीतून उतरल्या, गळ्यात गिटार अडकवली आणि गायल्या. हे चित्रण आजही मोबाइलवर पाहायला मिळते. एवढी मोठी बाई, पण पुष्कळ वर्षे तिच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो पुढे तिच्या चाहत्यांनी बसवला. रॉकवाल्यांच्या अमेरिकेतल्या मानाच्या यादीत तिचे नाव आले ते २०१८ साली. बाईमाणसाच्या कामाची नोंद उशिरा होते, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको.

आता माझ्याकडे वळते. २०२२ साली चांदणी चौकातला जुना पूल पाडला, त्या वर्षी माझा मुलगा बारावीला होता. मूल सतरा वर्षांचे झाले की घरात बोलेनासे होते, हा अनुभव इथल्या बहुतेक आयांना असेल. आमच्याकडेही तेच झाले. जेवायला हाक मारली की ताट घेऊन आत, कानात बोंडे अडकवलेली. अंगात काळे टी-शर्ट, आणि त्यांवर पिंजारलेल्या केसांची, डोळे ताणून पाहणारी माणसे छापलेली. नातेवाइकांत कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणे, संगत बिघडली. कोणी म्हणे, नशापाण्याकडे वळायच्या आत लक्ष घाला. आमचे हे दिवसभर कामावर. तेव्हा लक्ष घालायचे ते मीच.

दरडावून पोर आणखी आत जाते, हे मी माझ्या भावांच्या बाबतीत माहेरी पाहिले होते. त्याचे टी-शर्ट धुवायला माझ्याच हातात येत. वाळत घालताना मी त्या चेहऱ्यांकडे पाही आणि मनात येई, माझ्या पोराच्या छातीवर रोज बसणारा हा माणूस आहे तरी कोण? मुलाने आठवीत एलिमेंटरीची चित्रकलेची परीक्षा दिली होती. त्या वेळच्या पेन्सिली आणि कागद कपाटात पडून होते. एका दुपारी ते काढले, टी-शर्ट खुर्चीच्या पाठीवर अडकवला आणि त्यावरचा चेहरा कागदावर उतरवायला बसले.

संध्याकाळी सासूबाईंनी तो कागद पाहिला आणि म्हणाल्या, “कोण गं ही बाई? केसाला तेल नाही का लावत?” मुलगा दारातच उभा होता. तो मोठ्याने हसला. कित्येक महिन्यांनी त्याचे हसणे घरात ऐकू आले. मग म्हणाला, “आजी, बाई नाही ती. जिमी हेंड्रिक्स आहे.” आणि तिथेच चटईवर बसून त्याने आम्हां दोघींना या माणसाची सगळी हकीकत सांगितली.

हा हेंड्रिक्स १९४२ साली अमेरिकेत सिएटल गावी जन्मला. घरची गरिबी. गिटार घ्यायला पैसे नाहीत, म्हणून हे पोर झाडू हातात धरून गिटार वाजवल्याची नक्कल करी. पुढे तो जगातला नामांकित गिटारवादक झाला. डावखुरा होता. उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तिच्या तारा बदलून बसवून वाजवायचा. त्यामुळे त्याचा फोटो पाहताना फोटोच उलटा छापला की काय, असे वाटते. १८ सप्टेंबर १९७० रोजी लंडनमध्ये तो गेला. वय फक्त सत्तावीस.

“कशाने गेला?” मी विचारले. मुलगा थोडा थांबला आणि म्हणाला, “झोपेच्या गोळ्या जास्त झाल्या.” त्याच वर्षी ऑक्टोबरात जॅनिस जॉप्लिन नावाची गाणारी बाई नशेच्या सुईने गेली, तीही सत्तावीस वर्षांचीच, हेही त्यानेच सांगितले. ज्या विषयावर त्याच्याशी कसे बोलावे म्हणून मी रात्र रात्र जागत होते, तो विषय त्या कागदामुळे आपोआप निघाला. मी म्हटले, “एवढा गुणी माणूस, आणि सांभाळायला कोणी नव्हते का रे?” तो म्हणाला, “आई, मला त्याची गिटार आवडते, गोळ्या नाही.” यावर मी काही बोलले नाही. मला हवे ते ऐकायला मिळाले होते.

पुढच्या आठवड्यात त्याने स्वतःच मोबाइलवर दुसरा फोटो आणून दिला, “आता याला काढ.” हा छंद असा लागला. आज माझ्याकडे असे एकतीस चेहरे आहेत.

यांतला एक चेहरा तर आपल्या अगदी जवळचा आहे. फ्रेडी मर्क्युरी हे नाव तुम्ही कदाचित ऐकले असेल. हा खरा पारशी मुलगा, फारूख बलसारा. १९४६ साली झांजिबार बेटावर जन्मला. आईवडिलांनी शिक्षणासाठी त्याला कोठे पाठवले असेल? आपल्या पाचगणीला! सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, वसतिगृहात तो वाढला. तिथेच पियानो शिकला आणि बारा वर्षांचा असताना शाळूसोबत्यांना घेऊन त्याने गाणाऱ्या मुलांचा पहिला संच काढला. त्याचे नाव ‘द हेक्टिक्स’. १९६३ साली तो झांजिबारला परतला, आणि १९६४ साली तिथे राज्यक्रांती झाल्यावर सगळे कुटुंब इंग्लंडला गेले. आपण महाबळेश्वरला जाताना ज्या गावी स्ट्रॉबेरी खायला थांबतो, त्या गावच्या धुक्यात हा मुलगा लहानाचा मोठा झाला.

आणि माझ्या छंदाशी त्याचे आणखी एक नाते आहे. लंडनला तो ईलिंगच्या कला महाविद्यालयात चित्रकला व आरेखन शिकला, १९६९ साली ते शिक्षण पुरे केले. त्या दिवसांत तो कोणाची चित्रे काढीत असे? याच जिमी हेंड्रिक्सची! म्हणजे पाचगणीला शिकलेल्या मुलाने जे केले, तेच मी बावधनला करते आहे. हे कळले तेव्हा मुलापेक्षा मलाच अधिक आनंद झाला. १९७० साली त्याने मित्रांबरोबर ‘क्वीन’ नावाचा संच काढला. त्या संचाचे बोधचिन्हही त्यानेच काढले, चौघांच्या राशींवरून. दोघांची रास सिंह म्हणून दोन सिंह, एकाची कर्क म्हणून खेकडा आणि स्वतःची कन्या म्हणून दोन पऱ्या.

त्याच संचातला ब्रायन मे हा गिटारवाला. याची गोष्ट तर आपल्या मंडळात सांगायलाच हवी. १९६३ साली सोळा वर्षांचा असताना विकतची गिटार परवडेना, म्हणून त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरीच गिटार बनवायला घेतली. जुन्या शेकोटीभोवतीची लाकडी चौकट कापून तिची मान केली. मानेवरच्या खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे बसवली. सूर हलवायच्या दांडीच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचे टोक लावले. तीच गिटार त्याने जन्मभर वाजवली. हा माणूस पुढे २००७ साली खगोलशास्त्रात डॉक्टर झाला. त्याचे कुरळे केस काढायला मला चार दुपारी लागल्या.

१३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेंब्ली मैदानात इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी गाण्याचा मोठा कार्यक्रम झाला. मैदानात सुमारे ७२,००० माणसे होती. क्वीनच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटे आली, पण आजही लोक ती वीस मिनिटे आठवतात. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, एड्सच्या आजारात न्यूमोनिया होऊन, फ्रेडी गेला. वय पंचेचाळीस, साधारण आपलेच वय.

असो. आता प्रत्यक्ष कामाचे सांगते. तुमच्यापैकी पुष्कळजणी म्हणतील, “आम्हांला कुठले जमायला?” मी म्हणते, ठिपक्यांची रांगोळी येते ना? मग निम्मे काम झाले. फोटोवर एकेक सेंटीमीटरच्या चौकटी आखाव्यात आणि कागदावर दोन-दोन सेंटीमीटरच्या. दहा बाय पंधराचा फोटो असेल तर दीडशे चौकटी होतात आणि चित्र वीस बाय तीसचे येते. मग चेहऱ्याकडे न पाहता एकेका चौकटीत रेघ कोठून येते आणि कोठे जाते, तेवढेच पाहायचे. आखणी मात्र अगदी हलक्या हाताने करावी, म्हणजे नंतर खोडता येते.

चेहऱ्याचे काही ठोकताळे आहेत. टाळू ते हनुवटी यांच्या बरोबर मध्यावर डोळे येतात. नवशिका हात डोळे नेहमी वर काढतो, कारण कपाळ आणि केस मिळून किती जागा घेतात, याकडे आपले लक्ष नसते. चेहऱ्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांएवढी असते आणि दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याची जागा असते. नाकाचा शेंडा भुवई आणि हनुवटी यांच्या मध्यावर येतो. कान भुवईच्या रेषेपासून नाकाच्या तळापर्यंत. एवढे ठेवले तर माणूस तरी नक्की दिसतो. मात्र तो अमुकच माणूस दिसायचा, तर या मापांपासून तो कोठे वेगळा आहे, ते शोधावे लागते. फ्रेडीला मागे चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. दात काढले तर आवाज बदलेल या भीतीने त्याने ते तसेच ठेवले. चित्रात ते दात झाकले तर सुबक चेहरा येतो, पण फ्रेडी येत नाही. माणसाची खोड हीच त्याची ओळख, हे मला पेन्सिलीने शिकवले. घरातल्या माणसांकडेही मी आता तशी पाहते.

पेन्सिलीविषयी थोडे. आपण शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसे मुळीच नसते. इंग्लंडात बॉरोडेल येथे सोळाव्या शतकात एक काळा चकचकीत पदार्थ सापडला, तो लोकांना शिशासारखा वाटला, आणि नाव तेच राहिले. तो खरा ग्रॅफाइट, म्हणजे कोळशाचाच भाऊबंद. पुढे इंग्लंड-फ्रान्सचे युद्ध जुंपले आणि फ्रान्सला हा माल मिळेना. तेव्हा कोंते नावाच्या गृहस्थाने १७९५ साली ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती मळून, कांड्या करून, भट्टीत भाजायची युक्ती काढली. अगदी कुंभाराचे काम! माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकट; माती कमी तर मऊ आणि काळी. पेन्सिलीवर एच असेल तर कडक, बी असेल तर काळी. आपल्याला एच.बी., २ बी, ४ बी आणि ६ बी अशा चार पुरेत. एच.बी.ने आखणी, २ बी.ने सावली, ४ बी.ने केस आणि ६ बी.ने बुबुळ व काळे कपडे. कागद थोडा खरखरीत घ्यावा. कार्ट्रिज कागद चांगला. कणकेसारखा मळता येणारा रबर मिळतो, तो चिमटीत टोकदार करून केसावरची चमक उचलता येते.

सावली फिकटीपासून गडदाकडे न्यावी. जेवणात मीठ घालता येते, काढता येत नाही, तसेच हे आहे. आणि डोळ्यातला उजेडाचा ठिपका पेन्सिलीने काढता येत नाही; तेवढा कागद पहिल्यापासून कोरा राखून ठेवावा लागतो. बोटाने सावली पुसू नये, बोटाच्या तेलकटपणाचा डाग राहतो. हाताखाली कोरा कागद घ्यावा. उजव्या हाताने काढणारीने खिडकी डाव्या बाजूला ठेवावी, म्हणजे हाताची सावली चित्रावर पडत नाही. आपल्या मुळशीकडच्या पावसात कागद सर्दावतात. मी चित्रांमध्ये बटर पेपर घालून ती पत्र्याच्या पेटीत ठेवते, आणि पाऊस उघडला की पापडांसारखी त्यांना हवा देते.

वेळेचे म्हणाल, तर दुपारी दोन ते साडेतीन एवढाच माझा वेळ. धुणे-भांडी उरकलेली असतात आणि चहाला अवकाश असतो. या दीड तासात पैसा मिळत नाही, कोणाचे पोट भरत नाही. पण घरात मी सून, बायको, आई असते. त्या दीड तासात फक्त पाहणारी असते. सगळ्या दिवसात एवढे तरी आपले असावे, असे मला वाटते.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. देवाचे चित्र काढले तर तो चुकला असे कोणी म्हणत नाही. देवाला समोर बसवून कोणी ताडून पाहिलेले नाही. पण हेंड्रिक्सचे नाक चुकले तर माझा मुलगा लगेच सांगतो. परीक्षा घेणारा घरातच असल्यामुळे माझा हात सुधारला. शिवाय या लोकांच्या चेहऱ्यावर केस, घाम, सुरकुत्या, ओरडताना ताणलेल्या शिरा, सगळे उघड असते. शिकणाऱ्याला यापेक्षा चांगली शाळा नाही.

आणि शाळा कशासाठी, तर घरच्या माणसांसाठी. मुंबईचे प्रसिद्ध चित्रकार वासुदेव कामत यांना २००६ साली अमेरिकेतल्या व्यक्तिचित्रकारांच्या संस्थेचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तो कोणा राजाच्या चित्राला नव्हे. त्या चित्राचे नाव ‘माय वाइफ’, म्हणजे ‘माझी पत्नी’. हे वाचल्यावर मी ठरवले की आता आईचे चित्र काढायचे. माझी आई जाऊन सहा वर्षे झाली. तिचा सुटा फोटो आमच्याकडे एकही नाही. लग्नाकार्यात ती सदा चुलीपाशी, फोटोत येणार कशी? होता तो एक, मतदार ओळखपत्रावरचा, नखाएवढा आणि धूसर. मुलाने तो मोबाइलवर मोठा करून दिला. मी चौकटी आखल्या. जिथे फोटोत काहीच दिसत नव्हते, तिथे भावांना आणि मावशीला विचारून, आठवून काढले. भुवईवर विळ्याचा जुना वण होता, तो ओळखपत्रात दिसत नव्हता. तो मी घातला. एकतीस रॉकवाल्यांवर हात बसला होता, म्हणूनच ते चित्र मला काढता आले. ते आता भावाच्या घरी भिंतीवर आहे.

आपल्या बावधनात शेते गेली, इमारती आल्या. ज्यांनी ती शेते कसली, त्या म्हाताऱ्या बायका अजून आपल्या घरांत आहेत. त्यांपैकी कितीजणींचा चांगला फोटो आपल्याकडे आहे, हे प्रत्येकीने घरी जाऊन पाहावे. म्हणून माझी मंडळाला दोन बाबतींत विनंती आहे. एक, दर बुधवारी दुपारी मंडळाच्या जागेत दीड तास चित्रकलेसाठी द्यावा. मला येते तेवढे मी शिकवीन, फी काही नाही. दुसरी, येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्याऐवजी वाण म्हणून एक २ बी पेन्सिल, एक रबर आणि एक कागद द्यावा. आणि पुढच्या वर्धापनदिनी प्रत्येकीने आपल्या सासूचे, आईचे किंवा आजीचे चित्र आणून इथे लावावे. चित्र साधले नाही तरी चालेल. त्यानिमित्ताने त्या माउलीसमोर आपण तासभर स्वस्थ बसू, आणि ती काही सांगेल.

ज्यांना आधी हात बसवायचा असेल, त्यांनी माझ्याकडे यावे. जिमी हेंड्रिक्स पेटीत तयारच आहे.